हक्क असूनही दवाखान्यापासून दूर

प्रश्न : कोविडच्या काळात अमेरिकेतल्या स्थलांतरित गर्भवती बायका दवाखान्यात जायला घाबरत होत्या, असं वाचलं. संसर्गाची धास्ती तर सगळ्यांनाच होती; यांची भीती वेगळी होती का? तिथल्या आपल्या मुलींनाही तिची झळ लागली का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हो, वेगळी होती. २४ फेब्रुवारी २०२० रोजी, अगदी साथीच्या तोंडावर, अमेरिकेत ‘पब्लिक चार्ज’चा कडक नियम लागू झाला. जो माणूस सरकारी मदतीवर जगेल असं वाटतं त्याला ग्रीन कार्ड नाकारायची तरतूद तिथे जुनीच आहे. नव्या नियमाने मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी आरोग्यविमा, आणि धान्यासाठीची मदतही त्या हिशेबात आणली.

वाईट वाटतं ते पुढच्या गोष्टीचं. गर्भवतीला मिळणारं मेडिकेड आणि गर्भारपण संपल्यावरचे ६० दिवस या नियमातून स्पष्ट वगळले होते. कोविडची तपासणी आणि उपचारही मोजणार नाही, असं सरकारने मार्चमध्ये जाहीर केलं. पण नियमाची पोटकलमं वाचायला कुणाला सवड? लोकांपर्यंत पोचलं ते एवढंच, की सरकारी मदत घेतली तर ग्रीन कार्ड विसरा. ज्यांना नियम लागूच नव्हता अशी कुटुंबंही मागे सरली. काहींनी तर तिथेच जन्मलेल्या मुलांच्या हक्काची मदतसुद्धा सोडली. भीती कायद्याच्याही पुढे गेली होती. मार्च २०२१ मध्ये नियम गेला, तरी मनात बसलेलं लगेच निघत नाही.

मात्र सगळा दोष अफवेवर टाकता येणार नाही. १९९६ च्या कायद्यानुसार ग्रीन कार्ड मिळालेल्या बहुतेकांनाही मेडिकेडसाठी पाच वर्षं थांबावं लागतं. गर्भवतींना ही अट माफ करायची की नाही, ते राज्यं ठरवतात. कागदपत्रं नसलेल्या बाईसाठी बऱ्याच ठिकाणी फक्त तातडीचं मेडिकेड उरतं. कळा सुरू झालेल्या बाईला रुग्णालयाने परत पाठवू नये, हा कायदा १९८६ पासून आहे. म्हणजे प्रसूतीचा खर्च निघतो, पण त्याआधीचे नऊ महिने रक्तदाब, साखर, सोनोग्राफी हे अनेक राज्यांत स्वतःच्या खिशातून. मला हा हिशेब निर्दय वाटतो. बाळ जन्मतःच अमेरिकन नागरिक, आणि त्याला पोटात वाढवणाऱ्या आईचा चढलेला रक्तदाब मात्र कुणाचीच जबाबदारी नाही! बाळंतपणानंतर तांबी बसवून घ्यायची म्हटलं तर तीही ‘तातडी’ ठरत नाही. ओरेगॉनने २०१७ मध्ये कायदा करून हे बदललं. सगळ्या राज्यांनी नाही.

त्यात साथ आली. मांसप्रक्रियेचे कारखाने, साफसफाई, वृद्धांची सेवा ही कामं घरी बसून होत नाहीत, आणि ती करणाऱ्यांत स्थलांतरित बायका खूप. जून २०२० मध्ये सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण संस्थेने, प्रसिद्ध केलेल्या माहितीत वंशाची नोंद असलेल्या कोविडबाधित गर्भवतींपैकी ४६ टक्के लॅटिन अमेरिकी वंशाच्या होत्या. आदल्या वर्षीच्या एकूण जन्मांत त्यांचा वाटा २४ टक्के होता. त्या सगळ्या स्थलांतरित नव्हत्या, हे खरं. पण ओझं कुठल्या घरांवर पडलं ते यातून दिसतं. तपासण्या फोनवर आल्या. दोन खोल्यांत सात माणसं राहत असतील, तर अंगावरून किती जातंय हे डॉक्टरला फोनवर मोकळेपणी कसं सांगायचं?

आता आपल्या मुलींविषयी. नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसामुळे मिळणारा एच-४ व्हिसा घेऊन गेलेल्यांकडे बहुधा कंपनीचा विमा असतो, त्यामुळे वरची वेळ त्यांच्यावर क्वचितच आली. त्यांची अडचण निराळी. बाळंतपणाला आई किंवा सासू येणार, हे तिथल्या मराठी घरात गृहीत असतं. मार्च २०२० मध्ये भारतातल्या अमेरिकी वकिलातींनी नेहमीचं व्हिसाचं काम थांबवलं, पाठोपाठ आंतरराष्ट्रीय विमानंही थांबली. बाळाला न्हाऊ कसं घालायचं ते व्हिडिओ कॉलवर शिकावं लागलं. शिवाय विमा आणि व्हिसा, दोन्ही नवऱ्याच्या नोकरीला बांधलेले. ती गेली तर दुसरी शोधायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस, आणि सातव्या महिन्यात विमा बदलला तर डॉक्टरही बदलण्याची वेळ येऊ शकते.