दयाळू देव आणि माणसाचे इच्छास्वातंत्र्य : ख्रिस्ती विचाराचा अभ्यास



आपल्यापैकी पुष्कळांच्या नात्यागोत्यात ख्रिस्ती कुटुंबे आहेत. आजोबा-पणजोबांच्या पिढीत कोणी मिशनच्या शाळेमुळे, कोणी दवाखान्यामुळे, कोणी दुष्काळात मिळालेल्या भाकरीमुळे तिकडे गेले आणि त्यांची मुलेबाळे तेथेच वाढली. लग्नाला, मयताला आपण एकमेकांकडे जातो. परंतु ही मंडळी दुःखाचा उलगडा कसा करतात, हे आपण समजून घेत नाही. ‘देव मानणारे’ एवढे म्हटले की आपला अभ्यास संपतो.

माझ्या अभ्यासाला निमित्त घरचेच झाले. माझी एक मावसबहीण मिरजेकडे ख्रिस्ती घरात दिलेली आहे. तिचा पाच वर्षांचा मुलगा तापाने गेला. माती झाल्यावर पाळकसाहेब घरी आले, त्यांनी प्रार्थना केली, देवाने लेकराला आपल्याजवळ घेतले असे सांत्वन केले. माणसे पांगल्यावर बहिणीने मला विचारले, “दादा, तू शिकलेला आहेस. देव चांगला आहे ना? मग त्याला माझेच पोर का लागले?” देवच नाही, असे सांगणे मला सोपे होते. पण त्या घटकेला ते तिच्या प्रश्नाचे उत्तर झाले नसते, माझ्या पदवीचे प्रदर्शन झाले असते. मी गप्प बसलो. गावी परतल्यावर वाचू लागलो. जे समजले ते येथे मांडतो.

ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे देव एकच आहे. तो सृष्टीचा निर्माता आहे, सर्वसमर्थ आहे आणि पूर्ण चांगला आहे. मग जगात दुष्टपणा कोठून आला? तो थांबवण्याची देवाची इच्छा नसेल तर देव चांगला नाही. इच्छा असून थांबवता येत नसेल तर तो समर्थ नाही. हा पेच एपिक्युरस या ग्रीक विचारवंताच्या नावाने सांगितला जातो. एपिक्युरस येशूच्या आधीचा. म्हणजे हा प्रश्न कोणा नास्तिकाने काल-परवा उकरून काढलेला नाही, आणि ख्रिस्ती पंडितांनी त्याकडे डोळेझाक केली असेही समजू नये.

त्यांच्यातील मोठा विचारवंत म्हणजे संत ऑगस्टीन (इ. स. ३५४ ते ४३०), उत्तर आफ्रिकेतील हिप्पो या गावचा बिशप. तरुणपणी तो मानी याच्या पंथात होता. त्या पंथात चांगली आणि वाईट अशा दोन वेगळ्या शक्ती मानीत. ऑगस्टीनने ते मत सोडले. त्याचे म्हणणे असे की, देवाने वाईट असे काही निर्माण केलेच नाही. अंधार म्हणजे जसा उजेडाचा अभाव, तसे वाईट म्हणजे चांगल्याचा अभाव. हा अभाव माणसाच्या इच्छेतून शिरला. उत्पत्तीच्या पुस्तकातील आदाम आणि हव्वा यांच्या पतनाची कथा त्याने याच अर्थाने लावली. माणसाला देवाने निवड करण्याची मोकळीक दिली, कारण मोकळीक नसेल तर सदाचरणाला किंमत नाही. बांधलेला बैल चोरी करीत नाही म्हणून त्याला कोणी प्रामाणिक म्हणत नाही!

हा मुद्दा समजून घेण्यासाठी आपल्या आटपाडीजवळचे स्वतंत्रपूर पाहावे. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, मॉरिस फ्रीडमन या पोलंडमधून आलेल्या अभियंत्याच्या कल्पनेतून येथे कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांतील माणसे, पण भोवती तट नाही. शेती करायची, कुटुंबासह राहायचे, विश्वासाला जागायचे. व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा १९५७ चा चित्रपट याच प्रयोगावरून सुचलेला. त्याची कथा आपल्याच तालुक्यात जन्मलेल्या ग. दि. माडगूळकरांची. आता विचार करा. तट बांधला असता तर एकही कैदी पळाला नसता, पण एकही कैदी सुधारला असे म्हणता आले नसते. पळून जाण्याची वाट मोकळी ठेवली म्हणूनच राहण्याला अर्थ आला. ख्रिस्ती विचारवंत देवाविषयी नेमके हेच सांगतात. आल्विन प्लँटिंगा या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४ साली हाच मुद्दा तर्कशास्त्राच्या भाषेत मांडला: खरे स्वातंत्र्य द्यायचे आणि कोणी चुकणार नाही याची हमीही ठेवायची, या दोन्ही गोष्टी सर्वसमर्थालाही एकदम साधतीलच असे नाही.

हा युक्तिवाद पोकळ नाही. त्यात एक मोठा गुणही आहे. तो माणसाच्या कृत्याची जबाबदारी माणसावर टाकतो. तरीही मला दोन ठिकाणी तो अडलेला दिसतो.

पहिली अडचण अशी की, मोकळीक एकाला मिळते आणि तिची किंमत दुसरा भरतो. मी वर्गात मुलांना मोकळे सोडतो. दोन दांडगी पोरे तिसऱ्याला बडवू लागली आणि त्यांचे स्वातंत्र्य मोडू नये म्हणून मी दारात नुसता उभा राहिलो, तर त्या तिसऱ्याचा बाप मला गुरुजी म्हणेल काय? महाडच्या तळ्यावर आपल्या माणसांना शतकानुशतके पाणी मिळाले नाही. अडवणाऱ्यांची इच्छा मोकळी होती. तहानलेल्यांच्या इच्छेचे काय? १९२७ साली बाबासाहेबांनी तेथे ओंजळ भरली, तोवर ती इच्छा कोणी मोजलीच नव्हती. इच्छास्वातंत्र्याचा सिद्धांत पाप करणाराच्या बाजूने फार बारकाईने मांडला गेला. ज्याच्यावर पाप घडते त्याच्या बाजूने तेवढा नाही. स्वतंत्रपूरच्या एखाद्या कैद्याने शेजारच्या गावात खून केला असता तर लोकांनी संस्थानाला जाब विचारलाच असता.

दुसरी अडचण निसर्गाची. आपला माणदेश पर्जन्यछायेतला. १९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जात होती आणि मुलांसाठी सुकडी पदरात बांधून आणीत होती. पाऊस पडला नाही तो कोणाच्या इच्छेने? येथे घाई करू नये. पाऊस माणसाच्या हातात नाही, पण कृष्णेचे पाणी कोणाच्या शिवारात जावे हे माणसेच ठरवतात. त्यासाठीच आटपाडीला १९९३ पासून पाणी परिषदा भरल्या, लोक रस्त्यावर आले आणि टेंभू योजनेचे पाणी या तालुक्यात पोहोचले. म्हणजे ज्याला आपण देवाची करणी म्हणतो त्यातला मोठा वाटा सरकारचा आणि समाजाचा निघतो. परंतु सगळाच नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. दगडमातीची जड घरे हा माणसाचा वाटा धरू. जमीन हलली ती कोणाच्या पापाने? १ नोव्हेंबर १७५५ रोजी लिस्बन शहरात भूकंप झाला तो दिवस सर्व संतांच्या सणाचा होता आणि चर्च भरलेली होती. त्या भूकंपाने युरोपातील विचारी माणसांची श्रद्धा हादरली. व्हॉल्तेरने त्यावर कविता लिहिली.

येथे ख्रिस्ती शास्त्राचे एक अंग आपल्या वाचकांना ठाऊक नसते, ते आवर्जून सांगतो. ‘दुःख आले म्हणजे पाप केले असणार’ हे मत त्यांच्याच ग्रंथात खोडलेले आहे. जुन्या करारातील ईयोब निर्दोष असून सर्वस्व गमावतो. त्याचे मित्र त्याला त्याचे पाप शोधायला सांगतात, आणि शेवटी देव त्या मित्रांनाच चुकीचे ठरवतो. लूकच्या शुभवर्तमानात शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख येतो. ती माणसे इतरांपेक्षा अधिक पापी नव्हती, असे येशू सांगतो. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य एका जन्मांधाकडे बोट दाखवून विचारतात की पाप याचे की याच्या आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. मात्र पुढे तो म्हणतो की, देवाचे कार्य याच्या ठायी प्रकट व्हावे म्हणून हे झाले. तेथे माझे मन पुन्हा अडते. एका माणसाने आंधळेपणी काढलेली वर्षे दुसऱ्याच्या महिम्यासाठी?

ख्रिस्ती लोकांतही याविषयी एकमत नाही. मिरज-कोल्हापूरकडील मिशन प्रेस्बिटेरियन पंथाचे. मिरजेचा मोठा दवाखाना उभारणारे डॉ. वॉनलेस याच पंथाचे. हा पंथ कॅल्व्हिनच्या परंपरेतला. जे घडते ते देवाने आधीच ठरवले आहे, तरी पापाचा कर्ता देव नव्हे, असे त्यांचे १६४६ चे वेस्टमिन्स्टरचे मतपत्र मानते. मेथॉडिस्ट मंडळी माणसाच्या निवडीवर अधिक भर देतात. आपल्या नातलगांकडे गेल्यावर हा फरक लक्षात ठेवावा.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मला या सर्व वादाहून जवळचे वाटते. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने गेले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पण तेथील धर्मगुरूंनी सांगितलेले सगळे मुकाट्याने मानण्यास नकार दिला. एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत जायचे नाही, हा त्यांचा बाणा. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि तेथील निराधार मुली व विधवांना घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातून वाढले. दुष्काळ देवाने का पाठवला याची चर्चा करीत त्या घरी बसल्या नाहीत.

आता आपल्या घरात डोकावू. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात तित्थायतन सुत्त आहे. सर्व सुखदुःख ईश्वराने निर्माण केले, हे मत तथागत तेथे नाकारतात; तसे असेल तर माणूस खुनी होईल तोही ईश्वरामुळेच, आणि हे करावे, हे करू नये, या प्रयत्नाला जागाच उरत नाही. हा भाग आपण सभांत आवडीने सांगतो. परंतु त्याच सुत्तात, त्याच कारणासाठी, सर्व काही पूर्वकर्मामुळेच घडते हे मतही नाकारलेले आहे. तो भाग आपण किती वेळा सांगतो? बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माच्या सिद्धांतावर कडाडून टीका केली, कारण गरिबांच्या स्थितीची जबाबदारी समाजाने झटकण्यास तो उपयोगी पडतो.

हे लिहिण्याचे कारण आहे. मावसबहिणीच्या घरी त्या दिवशी आपल्याकडच्याही बायका आल्या होत्या. त्यांच्यातील एकीने, रोज वंदना म्हणणारीने, “मागच्या जन्मीचे काहीतरी असेल गं” असे म्हटले होते. पाळकसाहेबांनी तसे म्हटले नव्हते.

वर्षश्राद्ध ते करीत नाहीत, पण त्या तारखेला मी मिरजेला गेलो. तिच्याच बायबलमधला योहानाचा नववा अध्याय मी तिला उघडून दिला. तिने दोनदा वाचला. मग म्हणाली, “त्या रात्री ताप वाढला तेव्हा मी सकाळची वाट पाहिली, दादा. सगळे म्हणतात देवाची इच्छा. मला वाटायचे, माझी शिक्षा.” तिच्या वस्तीपासून त्या रात्री वाहन मिळत नव्हते, हे तिने मला त्याच दिवशी पहिल्यांदा सांगितले.