पुनश्च हरिओम : महामारी आणि पशुवैद्यकीय दवाखाना

१८९६ साली मुंबईत प्लेगचा शिरकाव झाला आणि पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९७ मध्ये, साथरोगांविषयीचा कायदा अस्तित्वात आला. त्याच धामधुमीत लोकमान्य टिळकांना कारावास घडला. सुटकेनंतर १८९९ मध्ये 'केसरी'ची सूत्रे पुन्हा हाती घेताना त्यांनी अग्रलेखाला 'पुनश्च हरि ॐ' असा मथळा दिला. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीसाठी महाराष्ट्रात तोच १८९७ चा कायदा लागू करण्यात आला आणि जूनमध्ये टाळेबंदी शिथिल होऊ लागली तेव्हा शब्दही टिळकांचेच योजले गेले. परंतु थांबलेले काम पुन्हा सुरू करावयाचे म्हणजे नेमके कोठून सुरू करावयाचे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यापुरता करावयाचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. टाळेबंदीत जनावरांचे दवाखाने बंद ठेवण्याची सक्ती होती, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः केंद्र शासनाने मार्च २०२० मध्येच त्यांना सूट दिली होती. पण परवानगी असणे वेगळे आणि नित्याचे काम चालणे वेगळे. मुंबईची लोकल सर्वसामान्यांना बंद होती. ती ठरावीक वेळांपुरती का होईना, खुली व्हायला १ फेब्रुवारी २०२१ उजाडावा लागला. सुरुवातीला रिक्षा-टॅक्सीही नव्हत्या. मदतनीस विरारला, डॉक्टर दादरला आणि आजारी मांजर मुलुंडला, अशी अवस्था झाल्यावर दाराचे कुलूप उघडे असून उपयोग काय? शिवाय मुखपट्टी, हातमोजे, प्राणवायू, भुलीची काही औषधे ही माणसांच्या इस्पितळांत आणि येथे सारखीच लागतात. तेथे त्यांची निकड असताना येथे जपून वापरणे क्रमप्राप्त होते.

आणखी एक अडचण धंद्याच्या स्वरूपातच होती. सहा फुटांचे अंतर राखून कुत्र्याला इंजेक्शन देता येत नाही. एकाने धरावयाचे, दुसऱ्याने टोचावयाचे. दोघांची डोकी जवळजवळ टेकतात. म्हणजे येथे धोका मुख्यतः एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला होता. पाळीव प्राण्यांपासून साथ पसरते अशी आवई त्या वेळी उठली होती. माणसांकडून काही कुत्र्या-मांजरांना संसर्ग झाल्याचे पुढे आढळले, हे खरे. पण साथ पसरली ती माणसांनीच.

इंग्लंडातही हाच पेच होता. तेथे मार्च २०२० च्या अखेरीस दवाखान्यांनी केवळ तातडीचे रुग्ण पाहावेत असे ठरले आणि रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स या संस्थेने प्राणी प्रत्यक्ष न तपासताही औषध लिहून देण्याची तात्पुरती मुभा दिली. एप्रिलच्या मध्यास हे धोरण सैल करून निर्णय बराचसा पशुवैद्यकाच्या विवेकावर सोपविण्यात आला. हा बदल का करावा लागला, हे समजून घेणे उद्बोधक आहे.

आपण कामाचे दोन भाग करतो : तातडीचे आणि नित्याचे. मोटारीखाली सापडलेला कुत्रा, लघवी तुंबलेला बोका, अडलेली कुत्री हे पहिल्या भागात; लस, निर्बीजीकरण, दातांची सफाई, नखे कापणे हे दुसऱ्या भागात. पहिले करावे, दुसरे थांबवावे, हे सोपे दिसते. परंतु नित्याचे सारेच काम सारखे थांबू शकत नाही. नखे महिनाभर वाढली तर फारसे बिघडत नाही. लसीचे तसे नाही.

कुत्र्याच्या पिलाला आईच्या पहिल्या दुधातून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळतात. ती काही आठवडे पिलाचे रक्षण करतात, पण त्याच काळात लसीचा परिणामही होऊ देत नाहीत. ती नेमकी केव्हा ओसरतील हे प्रत्येक पिलाचे निराळे. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळा आठवड्यांपर्यंत दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने पुनःपुन्हा लस टोचतात. हा क्रम तुटला की आईचे कवच गेलेले आणि स्वतःचे तयार न झालेले, अशी पोकळी राहते. पार्व्हो विषाणू या पोकळीचीच वाट पाहत असतो. तो जमिनीत महिनोन्‌महिने तग धरतो.

आमच्या वाड्यात त्या फेब्रुवारीत एका कुत्रीला चार पिले झाली. दोन वाड्यातच राहिली, दोन शेजारच्या आळीत गेली. लस 'सगळे सुरळीत झाल्यावर' द्यायची असे मोठ्यांनी ठरविले. मे महिन्यात आमच्या मोतीला रक्ताची हगवण लागली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. दुसऱ्याला आजोबांनी फोनवर वेळ ठरवून, पिशवीत घालून, दवाखान्यापर्यंत चालत नेले. तो वाचला. यात दोष कोणाचा, हे आजही मला सांगता येणार नाही. पण 'नित्याचे' या शब्दाचा अर्थ मला त्या उन्हाळ्यात कळला.

रेबीजच्या बाबतीत तर प्रश्न प्राण्यापुरताही राहत नाही. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो आणि माणसाला तो बहुतांशी कुत्र्याच्या चावण्यातून होतो. समाजातील सुमारे सत्तर टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर त्याची साखळी तुटते, असे शास्त्रज्ञ मानतात. म्हणजे चुकलेली प्रत्येक लस ही गल्लीतल्या पोरांच्या खात्यावरची उधारी होय.

तेव्हा काम पुन्हा सुरू करताना विचारावयाचा प्रश्न असा : हे काम आणखी महिनाभर थांबले तर काय गमावू? या कसोटीवर क्रम आपोआप लागतो. सर्वांत आधी पिलांच्या लसी, रेबीजची लस आणि मधुमेह वा अपस्मार असलेल्या प्राण्यांची औषधे. त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसची वार्षिक लस; कारण आपल्याकडे दवाखाने सावरू लागले ते ऐन पावसाळ्याच्या तोंडावर आणि हा रोग साचलेल्या पाण्यातून पसरतो. प्रौढ कुत्र्याची डिस्टेंपर किंवा पार्व्होची पुढची मात्रा मात्र थोडी लांबली तरी चालते, कारण तिचा प्रभाव तीन वर्षे वा अधिक टिकतो. मग निर्बीजीकरण, तेही फार लांबवून चालत नाही, कुत्री त्रेसष्ट दिवसांत विते. दातांची सफाई सर्वांत शेवटी.

कामाची पद्धतही बदलली. आधी दूरध्वनी, त्यावरच आजाराची हकीकत, मग ठरावीक वेळ. प्राण्याबरोबर एकच माणूस. पुष्कळ ठिकाणी मालकाने बाहेर थांबावयाचे. दोन रुग्णांच्या मध्ये टेबल पुसण्यापुरता अवकाश. चलच्चित्रावर लंगडणे आणि जखम दिसते. पण पोट दाबून पाहता येत नाही, छातीचे ठोके ऐकू येत नाहीत. म्हणून फोन हा दवाखान्याचा उंबरठा ठरला, दवाखाना नव्हे.

ही वाटचाल सरळ झाली नाही. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेने पुन्हा निर्बंध आणले. या खेपेस राज्याच्या आदेशात पशुवैद्यकीय सेवा आणि पाळीव प्राण्यांच्या खाद्याची दुकाने अत्यावश्यक सेवांत स्पष्टपणे नोंदलेली होती. वर्षभरात एवढे शहाणपण आले, हेही थोडके नव्हे.

अर्थशास्त्राच्या तासाला आपण संधित्यागाचे मूल्य शिकतो : एक गोष्ट निवडताना दुसरी सोडावी लागते, तिची किंमत. महामारीने दवाखान्यांना प्रतीक्षेचे मूल्य मोजावयास शिकविले. थांबणे फुकट असते असे आपण गृहीत धरतो. ते कधी कधी तसे असतेही. पण कोणत्या बाबतीत नाही, याची यादी आधीच तयार असलेली बरी. आमच्या घरी ती आता दिनदर्शिकेच्या मागे चिकटविलेली आहे. अक्षर आजोबांचे आहे.