तोटा थांबवावा केव्हा?

व्यापारात तोटा होणे ही नामुष्कीची बाब नव्हे. प्रश्न असतो तो तोटा कोठे थांबवावयाचा, हा. याचे उत्तर वेळीच न शोधल्यास काय घडते, याचे बोलके उदाहरण म्हणजे लंडनची बेअरिंग्ज बँक.

१७६२ साली स्थापन झालेल्या या बँकेचे सिंगापूर येथील वायदे व्यवहार निक लीसन हा तरुण अधिकारी पाहत असे. ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात तो तोट्याचे सौदे दडवीत गेला. १९९२ अखेर हा तोटा सुमारे २० लाख पौंड होता. १९९३ अखेर तो २ कोटी ३० लाख, तर १९९४ अखेर २० कोटी ८० लाखांवर पोहोचला. १७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधील कोबे येथे भूकंप झाला व तेथील निक्केई निर्देशांक कोसळला. बाजार सावरेल या आशेने लीसनने खरेदी आणखी वाढविली. फेब्रुवारीअखेर तोटा ८२ कोटी ७० लाख पौंडांवर गेला, बँक बुडाली आणि पुढे एका डच वित्तसमूहाने ती नाममात्र एका पौंडास घेतली. पहिल्या वर्षअखेरीचा तोटा बँकेस सहज पेलवला असता.

मन आणि गणित

तेवढ्याच रकमेच्या नफ्याच्या आनंदापेक्षा तोट्याचे दुःख माणसाला अधिक बोचते, असे कानमन व ट्वेर्स्की या अभ्यासकांनी १९७९ मध्ये मांडले. म्हणूनच गुंतवणूकदार नफ्यातील समभाग घाईने विकतो व तोट्यातील उराशी कवटाळून बसतो. गणित मात्र निष्ठुर असते. १० टक्के तोटा भरून काढण्यास सुमारे ११ टक्के वाढ पुरते; २० टक्क्यांस २५ टक्के लागते आणि ५० टक्के तोट्यानंतर उरलेली रक्कम दुप्पट व्हावी लागते.

पाळावयाची पथ्ये

१. सौदा करण्यापूर्वीच बाहेर पडण्याचा भाव लिहून ठेवावा. ‘स्टॉप-लॉस’ सूचनेचा उपयोग करावा. मात्र बाजार एकदम कोसळल्यास विक्री त्याहून कमी भावात होऊ शकते, हे ध्यानी असावे.

२. खरेदीचा भाव विसरून स्वतःस विचारावे: ‘आज हाती रोख रक्कम असती, तर हाच समभाग याच भावाने घेतला असता काय?’ उत्तर नकारार्थी असेल, तर तो ठेवण्याचे कारण उरत नाही.

३. केवळ सरासरी भाव उतरविण्यासाठी पडत्या समभागात भर घालू नये.

४. संस्थेत सौदा करणारा व त्याचा हिशेब तपासणारा एकच नसावा. लीसनकडे ही दोन्ही कामे होती.

याचा अर्थ प्रत्येक घसरणीत विक्री करावी, असा नाही. दीर्घ मुदतीसाठी घेतलेल्या सक्षम कंपनीचा भाव बाजाराबरोबर खाली आला, तरी खरेदीमागील कारण शाबूत असेल तर धीर धरणे योग्यच. ते कारणच नाहीसे झाले असेल, तर मात्र धीर हा हट्ट ठरतो. वेळीच सोसलेला लहान तोटा भांडवल राखतो आणि भांडवल शिल्लक असेल, तरच पुढील संधीचा लाभ घेता येतो.