कडीपाटाखालची झोप

आमचं घर पुण्याच्या जुन्या पेठेतलं. वाड्याचा वरचा मजला चुलतभावाकडे, खालचा आमच्याकडे, आणि मधे सागवानी कडीपाट. माझी बायको रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळी करून ती सकाळी घरी येते, तेव्हा वरचं घर नुकतं कामाला लागलेलं असतं. झोप नीट झाली नाही तर रात्री औषधांचे डोस मोजताना डोकं ठिकाणावर राहत नाही, असं ती सांगते, आणि मला ते अगदी पटतं. तिच्या निजायच्या खोलीचं छत आवाजाला जमेल तेवढं बंद करायचं ठरवलं. त्या कामातून जे हाती लागलं, ते लाकडी पाटणाखाली राहणाऱ्या इतरांच्याही उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहे.

१. पहिल्यांदा आवाजाची जात ओळखा. बोलणं, टीव्ही, कुकरची शिट्टी हे आवाज हवेतून येतात आणि फटींतून, पातळ फळ्यांतून खाली झिरपतात. खलबत्ता, ओढलेली खुर्ची, धावणारी मुलं यांचा आवाज थेट लाकडातच जन्मतो. कडी थरथरते आणि तिच्याखालची सगळी खोली बोलू लागते. पहिल्यावर वजन आणि फटबंदी चालते. दुसऱ्यावर एवढ्याने भागत नाही, तिथे लाकूड आणि छत यांची ताटातूट करावी लागते. आम्ही काही सकाळी नुसतं पडून कान दिला आणि कागदावर टिपत गेलो. त्रासाचा मोठा वाटा आदळण्याचा निघाला. ते टिपण हातात नसतं तर पैसे भलत्याच ठिकाणी गेले असते.

२. पाटणावरची माती नुसती जमीन सपाट करण्यासाठी नव्हती. आमच्या कड्यांवर फळ्या, फळ्यांवर सुमारे चार इंच मातीचा थर आणि त्यावर सारवलेली जमीन होती. एवढ्या मातीचं वजन चौरस मीटरला दीडशे किलोच्या घरात जातं. शिवाय मातीचे कण एकमेकांवर घासतात आणि पावलाचा हादरा तिथेच जिरतो. पुढे दुरुस्तीच्या वेळी ठेकेदाराने ओझं कमी करायचं म्हणून ती माती उपसली, फळ्यांवर प्लाय ठोकला आणि वर व्हिनाइल चिकटवलं. अठरा मिलिमीटरच्या प्लायचं वजन चौरस मीटरला बारा किलोही भरत नाही. माझ्या लहानपणी वरचं घर एवढं ऐकू येत नसे. ते का, हे हा हिशेब मांडल्यावर कळलं. वाड्यांच्या दुरुस्त्या करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे: माती काढायचीच असेल तर तिच्या जागी काय घालणार, हे आधी ठरवा.

माती परत भरावी का? आम्ही स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारलं. आमच्या काही कड्यांची टोकं पूर्वीच्या ओलीने कमजोर झाली आहेत, त्यामुळे त्यांनी नको म्हटलं. ज्यांची लाकडं धडधाकट आहेत, त्यांना इंजिनिअरच्या संमतीने कड्यांमधल्या खणांत दोन इंच कोरडी वाळू भरता येते. तीही चौरस मीटरला ऐंशी किलो होते. मोरी किंवा न्हाणीघराखाली मात्र वाळू अजिबात भरू नये. ती पाणी धरून ठेवते आणि लाकूड आतून कुजतं.

३. अंड्यांचे ट्रे, फोमच्या लाद्या, थर्मोकोल हे विसरा. फोम खोलीतला घुमारा कमी करतो, वरून येणारा आवाज अडवत नाही. थर्मोकोल तर हलका आणि ताठ. तो काहीच करत नाही.

४. आदळण्याच्या आवाजावर उपाय शक्यतो वरूनच करावा. हादरा लाकडात शिरण्याआधी अडवणं सोपं, शिरल्यावर त्याच्यामागे धावणं अवघड. त्यासाठी वरच्यांशी मोकळं बोलावं लागतं, आणि हे बोलणं मला सगळ्या सामानसुमानापेक्षा महत्त्वाचं वाटतं. वहिनींनी विचारलं, "भाऊजी, अख्खी जमीन उकरणार का?" उकरायची नव्हतीच. प्लायवर रबरी कणांची चटई, तिच्यावर सिमेंट बोर्डाचे दोन थर, सांधे एकाआड एक. बोर्ड एकमेकांना स्क्रूने जोडायचे, खालच्या प्लायला एकही स्क्रू लावायचा नाही. चारी भिंतींपासून बोटाच्या जाडीपेक्षा थोडी कमी फट सोडून तीत फोमची पट्टी भरायची. असा नुसता टेकवलेला थर स्वतः हलतो, पण कडीला फारसं काही कळू देत नाही. मात्र जमीन सव्वा इंचाहून जास्त उचलली जाते. दारं तासावी लागतात, उंबरे बदलतात. म्हणून वहिनींनी फक्त स्वयंपाकघराला होकार दिला, आणि तेच नेमकं निजायच्या खोलीच्या डोक्यावर आहे. खुर्च्यांच्या पायांना फेल्ट, खलबत्त्याखाली जाड रबर, वॉशिंग मशीनखाली पॅड हे त्यांनी आपणहून केलं. पूर्वी घरोघर जाजमं आणि सतरंज्या पसरलेल्या असत. टकटक, खडखड यांवर तो उपाय आजही उत्तम चालतो. धावण्याच्या खोल धमक्यावर तो पुरत नाही.

५. खालचं छत टांगू नका, वेगळं उभं करा. या मुद्द्यावर मी थोडा थांबतो, कारण इथेच सर्वांत जास्त फसगत होते. फॉल्स सीलिंगचे कारागीर सवयीने जीआयच्या पट्ट्या थेट कडीला ठोकतात आणि त्यांवर जिप्सम बोर्ड चढवतात. दिसायला छान दिसतं, पण प्रत्येक पट्टी हादऱ्याला खाली उतरायचा जिनाच होऊन बसते.

नुसतं वजन वाढवत नेणंही परवडत नाही. वजन दुप्पट केलं की साधारण पाच-सहा डेसिबल कमी होतात, आणि कानाला आवाज निम्मा वाटायला सुमारे दहा डेसिबल उतरावे लागतात. दोन जड पडदे आणि मधे मऊ भरलेली पोकळी अशी रचना केली तर तेवढ्याच वजनात बरंच जास्त साधतं. पोकळी जितकी खोल, तितके खालच्या पट्टीतले आवाजही अडतात.

खोली जेमतेम दहा फूट रुंद, त्यामुळे स्वतंत्र चौकट शक्य होती. अडचण भिंतींची होती: मातीत बांधलेल्या विटांत अँकर धरत नाही. म्हणून दोन इंची चौकोनी लोखंडी पाइपांचे खांब भिंतीलगत जमिनीवरून उभे केले, प्रत्येकाच्या पायाखाली रबर दिलं. आडवे पाइप कड्यांच्या खाली पुरता एक इंच सोडून घेतले. कड्यांमधल्या पोकळीत चार इंची ग्लास वूल सैल ठेवलं. दाबून कोंबलं की त्याचा गुण कमी होतो. खाली जड प्रतीच्या जिप्सम बोर्डाचे दोन थर, मिळून चौरस मीटरला वीस किलो. उंची पाच इंच गेली. इंग्लंडमध्ये लाकडी पाटणांची जुनी घरं फ्लॅटमध्ये बदलताना वरखालच्या बिऱ्हाडांमध्ये हवेतल्या आवाजासाठी किमान ४३ डेसिबलची अडवणूक लागते, आणि पावलांच्या आवाजाची चाचणी ६४ डेसिबलच्या आत यावी लागते. तिथेही हीच पद्धत वापरतात: वेगळ्या आधारावरचं छत, मधे लोकर, खाली दुहेरी बोर्ड.

६. एक पाचर सगळ्या कामावर पाणी पाडू शकते. चौकट उभी राहिली, पण वहिनी वर चालल्या की एका कोपऱ्यात ठोका स्पष्ट यायचा. मी मोठ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक पाइपला टेकवून मूठ कानाला लावली आणि एकेक पाइप ऐकत गेलो. सगळे मंद, एकच खणखणीत. शिडी लावून टॉर्च मारला तर पाइप आणि कडी यांच्यामधे काडेपेटीएवढी लाकडी पाचर. पाइप मधे जरा लचकतो म्हणून कारागिराने चांगल्या हेतूने ठोकलेली. ती काढली, पाइपला खालून आधार दिला, आणि तो कोपरा बाकीच्यांसारखा झाला. बोर्ड चढवण्याआधी हे ऐकणं कराच, नंतर दिसत नाही. चौकटीऐवजी लवचिक पट्ट्या वापरणाऱ्यांनी स्क्रूची लांबी तपासावी. बोर्डातून, पट्टीतून जाऊन कडीत घुसलेला एकेक स्क्रू म्हणजे अशीच एकेक पाचर.

७. फटींबद्दल आळस नको. छताच्या शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला, तरी बाकीचं छत कितीही भारी असो, अडवणूक वीस डेसिबलच्या पुढे जात नाही. बोर्ड भिंतीला न चिकटवता बारीक फट ठेवली आणि कायम मऊ राहणारं सीलंट भरलं. पीओपी भरलं तर ते कडक होऊन तडकतं. सर्वांत मोठं भोक पंख्याचं असतं: हूक तुळईला, दांडा नव्या छतातून आरपार. आम्ही छताचा पंखा काढून भिंतीवरचा लावला. खोबणीतले दिवेही नकोत, भिंतीवरची ट्यूब पुरते.

८. झाकण्याआधी लाकूड बघून घ्या. हातोडीने ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते ऐका, भिंतीत शिरणाऱ्या टोकांना टोच्या लावा, वाळवीचे मातकट माग शोधा, जुनी वायरिंग बदला. वरच्या मोरीखालचा भाग आम्ही झाकलाच नाही; पावसाळ्यात तिथली ओल डोळ्यांना दिसायला हवी. तिकडून थोडा आवाज येतो, तो येऊ दे.

९. कोरीव काम असलेलं छत बंद करू नये, हे माझं ठाम मत. आमच्या माजघराच्या तुळईवर कमळं आहेत. कड्या उघड्या ठेवून मधल्या खणांत बोर्ड बसवावे असं काहींनी सुचवलं. त्याने बोलणं थोडं दबतं, पण हादरा कडीतून खाली येतच राहतो. तिथे जे करायचं ते वरूनच करायचं. दिवाळीत दादा-वहिनी गावी गेले की माजघरावरच्या खोलीची जमीन घेऊ, असं ठरलं आहे, दारं तासायची तयारी ठेवून.

१०. किती फरक पडला हे मोबाइलच्या अॅपवर मोजता येतं, पण फक्त आधी आणि नंतर अशी तुलना करण्यापुरतं. फोनचा माइक खोल आवाज नीट पकडत नाही. आमच्या खोलीत बोलणं, मिक्सर, खुर्च्या गेल्यात जमा आहेत. खलबत्ता लक्ष देऊन ऐकला तर कळतो. मुलं पळाली की धमका अजूनही येतो, बोथट होऊन. तेवढा लाकडी पाटणाखाली राहणारच, असं सांगून मगच काम सुरू केलं होतं. बायको आता दुपारी एकपर्यंत झोपते.