सिगारेटऐवजी व्हेप : ताण कमी का होत नाही?

गेल्या पावसाळ्यात एक तरुण माझ्या पिरंगुटच्या दवाखान्यात आला. वय चौतीस, हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी, राहायला भुकूमला. छातीत धडधडते, रात्री दोन-तीन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, हात थरथरतात, अशी तक्रार. आपल्याला हृदयविकार जडला आहे अशी त्याची खात्रीच झाली होती, कारण वडील पन्नाशीतच हृदयविकाराने गेलेले. कार्डिओग्राम काढला, रक्तदाब पाहिला, थायरॉईडची तपासणी करून घेतली. सगळे ठीक होते.

तेव्हा त्याने खिशातून पेनासारखी एक वस्तू काढून टेबलावर ठेवली. "डॉक्टर, सहा आठवडे झाले सिगारेट सोडून. रोज बारा ओढायचो. आता फक्त हे ओढतो. तब्येत सुधारायला पाहिजे ना? मग असे का होते?" थोडे थांबून खाली मान घालून म्हणाला, "परवा घरात ताट भिरकावले. बायकोला सातवा महिना चालू आहे. तिच्यासाठीच तर सिगारेट सोडली होती."

या ताटामुळेच आजचा विषय निवडला आहे. आपल्या तालुक्यात माण-हिंजवडीच्या आयटी पार्कपासून पिरंगुटच्या कारखान्यांपर्यंत अशी तरुण मंडळी आता वरचेवर भेटतात. जुन्या मंडळींचे व्यसन वेगळे, ते तंबाखू-चुन्याचे आणि बायकांचे मिश्रीचे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेताना आढळले, त्यांत धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के होते. पण आजचा विषय या थोड्यांचा आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. "सिगारेट ओढली की ताण उतरतो" असे ओढणारा प्रत्येक जण सांगतो आणि तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच बरे वाटते. पण का वाटते ते पाहा. धुरातील निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचते आणि साधारण दोन तासांत रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. प्रमाण उतरू लागले की अस्वस्थता, चिडचिड, कामात लक्ष न लागणे सुरू होते. यालाच आपण तलफ म्हणतो. पुढची सिगारेट ही अस्वस्थता घालवते, आणि ओढणाऱ्याला वाटते की साहेबाच्या बोलण्याचा ताण गेला. मुद्दाम चावणारी चप्पल घालून चालावे, दर तासाला ती काढून पाय मोकळे करावेत आणि "चप्पल काढल्यावर काय बरे वाटते!" म्हणत तीच पुन्हा घालावी, असा हा प्रकार आहे. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सव्वीस अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सिगारेट सोडलेल्यांची चिंता, उदासी आणि ताण हे न सोडलेल्यांच्या तुलनेत कमी झालेले त्यात दिसले. मात्र हे सुख पहिल्या आठवड्यात मिळत नाही. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण असतात आणि पुढचे दोन ते चार आठवडे मन ठिकाणावर नसते.

आता त्या पेनाकडे वळू. होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास आजच्या पद्धतीची ई-सिगारेट तयार केली. तिच्यात तंबाखू जळत नाही. बॅटरीवर तापणारी तार निकोटिनयुक्त द्रवाची वाफ करते आणि ती ओढायची. जळणे नाही म्हणून डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, आणि सिगारेटच्या तुलनेत विषारी द्रव्ये पुष्कळ कमी. एवढे मान्य केले पाहिजे. इंग्लंडमध्ये तर सिगारेट सोडणाऱ्यांना सरकारी योजनेतून ती दिली जाते. तिथल्याच एका अभ्यासात ८८६ जणांना दोन गटांत विभागले होते. वर्षाअखेर ई-सिगारेट घेणाऱ्यांपैकी १८ टक्के, तर निकोटिनचे च्युइंगम, पट्टी वगैरे घेणाऱ्यांपैकी ९.९ टक्के लोक सिगारेटपासून दूर राहिले. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हेपचे समर्थक हा आकडा आवर्जून सांगतात. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र सांगत नाहीत: सिगारेट सुटलेल्यांपैकी ई-सिगारेटच्या गटातील ८० टक्के लोक वर्षानंतरही ई-सिगारेट ओढतच होते. दुसऱ्या गटात असे फक्त ९ टक्के. म्हणजे चप्पल बदलली, चावणे राहिलेच.

आपल्याकडची परिस्थिती आणखी निराळी आहे. १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमाने आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये झालेल्या कायद्याने ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठा आणि जाहिरात यांवर भारतात पूर्ण बंदी आली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदी योग्य की अयोग्य यावर वाद आहेत. माझ्या मते, विडी-सिगारेट उघड विकायची आणि ही बंद करायची यात विसंगती आहे, हे नाकारता येत नाही. पण रुग्णाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की आज इथे मिळणारी प्रत्येक व्हेप चोरट्या मार्गाने आलेली असते आणि तिच्यात काय भरले आहे हे कोणीही तपासलेले नसते. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसे निकामी होण्याची साथच आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. दोष बव्हंशी गांजाच्या अर्कात भेसळ केलेल्या 'ई' जीवनसत्त्वाच्या एका तेलकट संयुगाचा निघाला, आणि तो माल प्रामुख्याने अनधिकृत विक्रेत्यांकडचाच होता.

आमच्या तरुणाच्या पेनावर ५ टक्के निकोटिन, २ मिलिलिटर असे छापलेले होते. हिशेब सोपा आहे. एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम, म्हणजे पेनात १०० मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून शरीरात जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम निकोटिन जाते. युरोपात मिलिलिटरला २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. शिवाय सिगारेट संपते, विझवावी लागते, तिच्यासाठी जिना उतरून टपरीवर जावे लागते. हे पेन खुर्चीवर बसून ओढता येते, संडासात ओढता येते. तो रात्री ते उशाशी ठेवत असे आणि जाग आली की दोन झुरके घेत असे. निकोटिन हृदयाचे ठोके वाढवते आणि झोप उडवते. धडधडीचे अर्धे कारण तिथेच सापडले.

उरलेले अर्धे कारण चहात सापडले. मी विचारले, "दिवसाला चहा-कॉफी किती?" "सात-आठ कप. आधीपासून तेवढीच आहे." हा मुद्दा पुष्कळ डॉक्टरांकडूनही निसटतो, म्हणून नीट सांगतो. सिगारेटच्या धुरातील काही द्रव्ये यकृताला कॅफिनचा निचरा झपाट्याने करायला लावतात. हे काम धुराचे असते, निकोटिनचे नव्हे. त्यामुळे सिगारेट बंद करून व्हेप घेतली तरी आठवड्याभरात यकृताचा वेग मंदावतो, आणि तितकेच कप घेऊनही रक्तातील कॅफिन जवळपास दुप्पट होऊ शकते. माणूस म्हणतो सिगारेट सोडल्याचा ताण आला, आणि प्रत्यक्षात तो सोळा कप चहा प्यायल्यासारखा बसलेला असतो. सिगारेट सोडणाऱ्याने त्या दिवसापासून चहा-कॉफी निम्मी करावी, दुपारी तीननंतर घेऊच नये. दम्यासाठी थिओफायलिन किंवा मानसिक आजारासाठी क्लोझापिन, ओलान्झापिन घेणाऱ्यांनी तर सिगारेट सोडण्यापूर्वी डॉक्टरांना सांगावेच. या औषधांचेही असेच होते आणि मात्रा बदलावी लागते.

तिसरे कारण त्याने स्वतःच सांगितले. पूर्वी दोन तासांनी चौघे मित्र कंपनीबाहेरच्या टपरीवर जात. पाच मिनिटे उन्हात उभे राहणे, साहेबाला नावे ठेवणे, हसणे. टपरी सुटली आणि हे सगळेच सुटले. तो सकाळी नऊला बसला की संध्याकाळी सातलाच उठायचा. सिगारेटचा म्हणून जो आराम वाटतो त्यातला मोठा वाटा या सुट्टीचा आणि लांब श्वासाचा असतो. म्हणून मी सांगतो, सिगारेट सोडा, सुट्टी सोडू नका. त्याच वेळी उठा, बाहेर या, पण टपरीच्या उलट दिशेला चाला. तलफ तीन ते पाच मिनिटे जोर करते आणि ओसरते. तेवढा वेळ नाकाने सावकाश श्वास घेऊन त्याच्या दुप्पट वेळ सोडत राहावे. तोंडात लवंग किंवा बडीशेप चालेल. सुपारी नको, तिच्यानेही कर्करोग होतो.

सोडण्याचा दिवस ठरवून घ्यावा. कंपनीत हिशेबाची घाई, घरात लग्नकार्य, शेतात भातलावणी अशा दिवसांत मुहूर्त धरू नये. पहिला महिना दारूची बैठक टाळावी. घसरगुंडी बहुधा तिथेच होते. आणि "दिवसाला एखादीच ओढतो, बाकी व्हेप" ही तडजोड हृदयाला मान्य नाही. दिवसाला वीस सिगारेटींनी हृदयविकाराचा जेवढा जादा धोका वाढतो, त्याचा जवळपास निम्मा धोका एकाच सिगारेटीनेही राहतो, असे २०१८ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसले.

निकोटिनचाच आधार हवा असेल तर कायदेशीर मार्ग आहे. दोन मिलिग्रॅमचे निकोटिन च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते. ते साध्या च्युइंगमसारखे चघळले तर मळमळ, उचकी येते आणि लोक ते टाकून देतात. चुणचुण लागेपर्यंत सावकाश चावावे, मग गाल आणि हिरडीमध्ये दाबून ठेवावे, चुणचुण गेली की पुन्हा चावावे, असे अर्धा तास. चहा-कॉफीनंतर पंधरा मिनिटे घेऊ नये, निकोटिन शोषले जात नाही. हृदयाचा आजार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. गोळ्याही आहेत, पण त्या तपासणीशिवाय घ्यायच्या नाहीत.

आमच्या तरुणाने प्रथम पेन उशाजवळून हलवून गाडीच्या कप्प्यात ठेवले. चहा तीन कपांवर आणला. आठवड्यात झोप परतली. मग दिवसाचे झुरके मोजून कमी केले, सोबत च्युइंगम सुरू केले आणि पाचव्या आठवड्यात पेन संपल्यावर दुसरे आणले नाही. मध्ये मित्राच्या हळदीत एक सिगारेट ओढली आणि दुसऱ्या दिवशी रडवेला होऊन आला. मी म्हटले, "दोन महिन्यांत एक ओढलीत. पूर्वीच्या हिशेबाने सातशे व्हायला हव्या होत्या." मुलगी झाली तेव्हा पेढे घेऊन आला.

सर्वांचे इतके सुरळीत होत नाही. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, जेवणावरची वासना गेली, किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर तो तलफेचा भाग समजून सहन करू नये. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय सेवा १८००-११-२३५६ वर मिळते. दोन्ही विनामूल्य आहेत.

पौडच्या एका भगिनींनी पत्रातून विचारले आहे, "मिस्टर व्हेप ओढतात, घरात दोन वर्षांचा मुलगा आहे, वाफेचा त्याला त्रास होईल का?" ताई, वाफेतही निकोटिन आणि सूक्ष्म कण असतात, तेव्हा घरात ओढू देऊ नका. पण त्याहून तातडीची गोष्ट म्हणजे द्रवाची सुटी बाटली. तिला गोड फळाचा वास असतो आणि थोडासा द्रव पोटात गेला तरी लहान मुलाच्या जिवावर बेतते. ती कुलपात ठेवा. मुलाने तोंडात घातल्याचा नुसता संशय आला, तरी उलटी करवत बसू नका. बाटली सोबत घेऊन लगेच रुग्णालय गाठा.