सहलीत शंख उचलण्यापूर्वी

घोड नदीकाठच्या शिरूरमध्ये आणि भीमेकाठच्या दौंडमध्ये आपली मुले नदीतल्या गोगलगायी सहज हातात घेतात. त्यांतल्या बहुतेक शेवाळ खाऊन जगतात, चावत नाहीत. पण शाळेची सहल घाट उतरून कोकणात गेली की हीच सवय धोक्याची ठरू शकते. समुद्रातल्या काही गोगलगायी शिकारी आणि विषारी असतात.

ओळखायची कशी?
‘कोनस’ गोगलगायीचा शंख आइस्क्रीमच्या कोनासारखा असतो. एक टोक रुंद, दुसरे निमुळते आणि बाजूने लांब, अरुंद फट. जगात तिच्या सातशेहून अधिक जाती आहेत. भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवर त्या आढळतात. दिवसा त्या वाळूत किंवा खडकांच्या फटीत दडून बसतात आणि रात्री वासावरून भक्ष्य शोधतात. काही जाती किडे खातात, काही दुसऱ्या गोगलगायी, तर काही चक्क मासे. मासे खाणाऱ्या सर्वांत घातक.

विष कसे काम करते?
तिच्या लांब सोंडेत सुईसारखा पोकळ दात असतो. तो टोचताच विष आत जाते आणि नसांचे संदेश थांबतात. भक्ष्य जागेवरच लुळे पडते. माणसाला कधी वेदना फार होत नाहीत, म्हणून दुर्लक्ष होते. नंतर बधिरता, एकाचे दोन दिसणे, जीभ जड होणे, श्वास अडकणे अशी लक्षणे दिसतात.

काय करावे?
टोचलेला हात किंवा पाय हलवू देऊ नका. त्यावर रुंद पट्टी गुंडाळा आणि 108 ला फोन करा. जखम कापू नका, चोखू नका, दोरीने आवळू नका. या विषावर उतारा नाही. विषाचा जोर ओसरेपर्यंत श्वास चालू ठेवणे हाच उपचार, म्हणून मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. थेट दवाखाना गाठा.

याच विषातून औषधही मिळाले आहे. ‘झायकोनोटाइड’ला अमेरिकेत 2004 साली मान्यता मिळाली. इतर औषधांनी न थांबणाऱ्या तीव्र वेदनांसाठी ते मणक्याजवळच्या द्रवात सोडतात.

सहलीला निघण्यापूर्वी मुलांना एवढेच सांगा : शंख डोळ्यांनी पाहा, हात लावू नका. खिशात तर मुळीच ठेवू नका, कारण तो दात कपड्यातूनही टोचतो.