तोंडाचा वास आणि रक्तातला आकडा

ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळी केलेल्या डॉक्टरला ही हाक ओळखीची असते : "साहेब, दारूचं मेडिकल आहे." दोन पोलीस आणि मधे एक ड्रायव्हर. तो सांगत असतो, "मले काईच नाई झालं जी, नीट उभा हावो ना मी!" बुलढाणा जिल्ह्यात अशा रात्री पुष्कळ निघाल्या. बहुतेक ड्रायव्हर खरोखरच नीट उभे असायचे.

१. नीट उभं राहणं हा कशाचाच पुरावा नाही.
रोज पिणारा माणूस पोटात क्वार्टर असतानाही फरशीच्या रेघेवरून सरळ चालून दाखवतो. उलट साखर उतरलेला मधुमेही झोकांड्या खातो आणि "पेला आहे" म्हणून बाकावर बसवला जातो. त्याहून घातक म्हणजे अपघातातला माणूस. तोंडाला वास आला की सगळे निर्धास्त होतात, सकाळी उतरेल म्हणतात, आणि तेवढ्यात डोक्यात रक्तस्राव वाढत असतो. वास आला तर डोकं दुप्पट काळजीने तपासावं, हे मी प्रत्येक नव्या डॉक्टरला सांगत आलो. बच्चूभाई करयानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही १९७१ मध्ये म्हटलं होतं की वास, लटपटती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही.

२. दारू चढली का, हे कायदा विचारतच नाही.
मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १८५ : १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत आणि १५ हजार. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे, आधी पहिला दंड दोन हजारांपर्यंतच होता. पावती फाडून रस्त्यावर मिटवण्याची सोय यात नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते.

३. मशीन तोंडाचा नाही, फुप्फुसाचा वास घेतं.
लोकांचा सगळा गैरसमज इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर. रक्त फुप्फुसातून फिरतं तेव्हा त्यातलं थोडं अल्कोहोल हवेत उतरतं. किती, याचं ठरलेलं प्रमाण आहे : १ मिलिलिटर रक्तात जेवढं अल्कोहोल, साधारण तेवढंच २,१०० मिलिलिटर श्वासात. म्हणजे कायद्याची ३० मिलिग्रॅमची रेघ लिटरभर श्वासात ०.१४ मिलिग्रॅमवर येते. हा खोलवरचा श्वास हवा म्हणून हवालदार "फुंक, फुंक, अजून फुंक" म्हणत राहतो. गाल फुगवून अर्धवट फुंकणाऱ्याला मशीन बहुधा परत फुंकायला लावतं. १९५४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बोर्कनस्टाईन यांनी केलेल्या यंत्रात पोटॅशियम डायक्रोमेटचा पिवळा रंग हिरवट व्हायचा. आता बहुतेक यंत्रांत प्लॅटिनमचा फ्युएल सेल असतो. त्यावर अल्कोहोलचं ॲसिटिक ॲसिड होतं आणि त्यातून निघालेली वीज मोजली जाते.
म्हणूनच वेलची, कच्चा कांदा, गुटखा, पेरूची पानं यांनी हवालदाराचं नाक फसेल, प्लॅटिनम फसत नाही. मात्र नुकताच घोट घेतला असेल किंवा अल्कोहोलवाल्या माउथवॉशने चूळ भरली असेल, तर तोंडात उरलेल्या अंशामुळे आकडा फुगतो. पंधरा मिनिटं थांबून पुन्हा फुंकायला लावलं की तो अंश निघून जातो. खरोखर न प्यायलेल्या माणसाने वाद घालत बसण्यापेक्षा ही पंधरा मिनिटं मागावीत.

४. रक्त घेताना स्पिरिटचा बोळा दूर ठेवा.
नर्सचा हात सवयीने स्पिरिटकडे जातो. दारूबंदीच्या रक्ततपासणीचे नियम १९५९ पासून सांगतात की रक्त काढताना कुठेही अल्कोहोलचा स्पर्श नको. नाहीतर बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो. बाटलीत सोडियम फ्लोराइड हवं, सील हवं. आणि घड्याळ पाहावं : कलम १८५ खाली अटक झाल्यापासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर माणसाला सोडावं लागतं.

५. फुंकायला नकार दिल्याने सुटका होत नाही.
कलम २०५ प्रमाणे सबळ कारण नसताना दिलेला नकार त्याच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देतो.

६. रात्रीची दारू सकाळीही गाडी चालवते.
साधा हिशेब. १८० मिलिची, ४२.८ टक्क्यांची क्वार्टर म्हणजे साठेक ग्रॅम अल्कोहोल. पासष्ट किलोच्या माणसाच्या रक्तात ते साधारण १३० मिलिग्रॅमच्या आसपास जातं. यकृत तासाला पंधराएक मिलिग्रॅम उतरवतं. लिंबू, ताक, काळा चहा, थंड पाण्याची अंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. अकराला ग्लास रिकामा करून पहाटे पाचला स्टेअरिंगवर बसलेला ड्रायव्हर म्हणूनच रेघेच्या वर असतो. झोप झाली आहे, तोंड धुतलं आहे, त्यामुळे तो शपथेवर "पेलो नाई" म्हणतो, आणि त्याच्या मनाने ते खोटंही नसतं.

७. अपघाताचं कारण पहिल्या दिवशी ठरवू नये.
१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर पुण्याला निघालेली खासगी बस पेटली, २५ प्रवासी गेले. आधी टायर फुटल्याची चर्चा झाली, मग ड्रायव्हरला डुलकी लागल्याची. पुढे अमरावतीच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला, त्यात ड्रायव्हरच्या रक्तात अल्कोहोल आढळल्याचं जाहीर झालं. दोष कोणाचा हे न्यायालय ठरवील. डॉक्टर म्हणून मी एवढंच म्हणेन की झोप आणि दारू ही दोन वेगळी कारणं मानू नयेत. थोडी दारूसुद्धा अर्धवट झोपलेल्या मेंदूला उरलेली झोप लावते, आणि समृद्धीसारख्या सरळसोट रस्त्यावर त्या मेंदूला जागं ठेवणारं काही नसतं.

८. मालकाने हे कलमही वाचावं.
१८८. प्यायलेल्या ड्रायव्हरला गाडी चालवायला उद्युक्त करणाऱ्याला ड्रायव्हरएवढीच शिक्षा आहे. रात्री रुग्णालयात मात्र आमच्यासमोर ड्रायव्हरच येतो. मालकाचा फक्त फोन येतो : "डॉक्टरसाहेब, जरा सांभाळून लिहा."